विहारावरची ताटली

गुरुवार, १० जुलै. आषाढ पौर्णिमा

आज आलं ते: पांढरी ताटली एक, परातीएवढी, मध्ये खोलगट. लोखंडी खांब एक. काळी वायर, चाळीस मीटर म्हणून सांगितली, मी वितीने मोजली, अडतीस भरली. दोन दिवे असलेला पांढरा डबा एक. बिलावर सगळ्याची किंमत बेचाळीस हजार सहाशे. आपल्याला द्यायचं काही नाही, लोणावळ्याची संस्था तीन महिने वापरून बघायला देते आहे. आपला खर्च चहा सात कप आणि पोहे, मिळून एकशे दहा. खांबाला लागलेलं सिमेंट शौचालयाच्या कामातलं उरलेलं होतं, ते धरलं नाही.

बसवायला सत्यम नावाचा मुलगा आला होता. तो म्हणाला, आंदर मावळात टॉवर डोंगराआड जातो आणि केबल दरडीखाली, म्हणून ही नवी पद्धत. वर उपग्रह आहे आणि ताटली थेट त्याच्याशी बोलते. मी विचारलं, पावसात? म्हणाला, पावसातही बोलते, जरा हळू बोलते. वस्तीत स्लॅब फक्त विहाराला आहे आणि वरचं आभाळ मोकळं आहे, म्हणून ताटली विहारावर. विहाराची किल्ली माझ्याकडे असते, म्हणून पावतीवर सही माझी. संस्थेची पत्रं मेलवर येणार. ते खातं चैतालीने उघडलं.

विहाराच्या भिंतीपासून शंभर पावलं रेंज मिळते. आमचं घर बासष्ट पावलं आहे. मी जाऊन-येऊन दोनदा मोजलं.

चैताली माझी सून. आमचा मुलगा धम्मदीप जाऊन जूनमध्ये दोन वर्षं झाली. ती लोणावळ्याच्या एका बंगलेवाल्यांचं बुकिंगचं काम करते, म्हणजे दिवसभर लोक विचारतात पोहायचा हौद आहे का, आणि ती सांगते आहे. आतापर्यंत त्यासाठी टेकडीवर छत्री घेऊन बसायची. तिचा भाऊ पवन बेगडेवाडीला स्टेशनजवळ राहतो. त्याने शेजारची एक खोली बघून ठेवली आहे, तिथे रेंज घरात येते. जायचं तर तिने जावं. वय एकतीस आहे. मी तिला राहा म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही.

आजपासून वर्षावास. तीन महिने रोज सात ते आठ विहारात ग्रंथवाचन. वस्तीतली मॅट्रिक झालेली बाई मीच, म्हणून वाचायचं काम अकरा वर्षं माझ्याकडे आहे. तालुक्याच्या धम्म कार्यालयाला अहवाल द्यावा लागतो, म्हणून हजेरी वहीत प्रत्येकाची सही घेते. आज श्रोते पाच. पैकी धोंडाबाई झोपल्या होत्या. त्यांचा अंगठा आधीच घेतला होता.

रविवार, १३ जुलै

आत पाच. बाहेर वळचणीला फोन घेऊन सव्वीस. पाऊस तिरका लागत होता, तरी कोणी हललं नाही. मी आतून दोनदा म्हटलं, या की आत. वस्तीतला गेणू म्हणाला, "हितं बरं हाय मावशी, हवा येती."

जेवताना चैतालीला म्हटलं, भिजण्यापेक्षा आत बसून दोन शब्द ऐकले असते तर काय बिघडलं असतं? मी अकरा वर्षं वाचते आहे आणि पाचाचे सहा झाले नाहीत. एवढं बोलायला नको होतं. ती भात कालवत होती. म्हणाली, "येतील आई."

बुधवार, १६ जुलै

दुपारी चैतालीने विचारलं, "आई, आज कुठून कुठपर्यंत वाचणार?" हे तिने कधी विचारलं नव्हतं. मी पानं दाखवली. तिने ती सगळी वाचली, बोट ठेवून.

संध्याकाळी आत एकोणीस जण. सतरंजी कमी पडली. चैताली स्वतः आली, मागे दाराशी बसली. श्रावस्ती नगरीचं वर्णन आलं तेव्हा सगळ्यांनी एकदम माना खाली घातल्या. इतकी श्रद्धा मी या वस्तीत पाहिली नव्हती.

शनिवार, १९ जुलै

आत एकतीस. बाहेर शून्य. आज निरंजना नदीचा भाग होता. गेणू मध्येच उठला. "मावशी, ती नदी कंची म्हनालात? परत एकदा वाचा की, सावकाश." वाचलं. मागून कोणीतरी म्हणालं, "झालं, तीच हाय." काहींच्या हातात फोन होते, पण आवाज बंद होते. ही शिस्त मानायला हवी.

आमचे मालक सीताराम गोठ्यातून येत नाहीत, म्हशीला संध्याकाळी माणूस लागतं. घरी आल्यावर मी त्यांना आकडा सांगितला. म्हणाले, "औंदा तुझा आवाज बरा लागलाय जनू." गुळाचा चहा सुरू केल्याचा परिणाम असावा. तोच चालू ठेवायचा.

गुरुवार, २४ जुलै

आज मारुती आबा विहारात आले. आबा गावठाणातले, उपसरपंच, खाचरं चाळीस एकरांच्या वर. आमच्या सासऱ्यांनी त्यांच्या वडिलांकडे भात लावला, सीताराम यांनी आबांकडे लावला. पण विहाराच्या पायरीवर त्या घरातलं पाऊल पडलेलं मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नाही. आज त्यांनी चपला काढल्या, पायरीवर थांबले, आत बघितलं, मग आले. तथागतांना हात जोडले की नाही ते दिसलं नाही, हातात फोन होता.

मी सतरंजीचा कोरडा भाग दिला. वही पुढे केली तर म्हणाले, "सही कशाला गं सविता?"

"तालुक्याला जाते आबा. सगळेच करतात."

त्यांनी चष्मा काढून सही केली. मोठी सही आहे, दोन ओळी खाते.

वाचन संपल्यावर विचारत होते, "त्या गावाचं नाव काय म्हनलीस? वैशाली का? व्हय, वैशाली." आणि गेणूला म्हणाले, "ह्यात घाल रं." पीकपाहणी करायची होती म्हणे. धम्माची चौकशी करून मग शेतीचं काम काढलं, हा क्रम मला आवडला.

सोमवार, ४ ऑगस्ट

आत चाळीस. आबांच्या मालकीण नंदाबाई रोज येतात आता. आज करुणेचं प्रकरण वाचताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. पदर तोंडाशी धरून हळूच हसतही होत्या. मी तो भाग संपेपर्यंत आवाज खाली ठेवला.

एक गोष्ट मनाला लागून आहे. चैतालीचं काम दोन ते नऊ असतं. सात ते आठ ती काम बंद ठेवून वाचनाला येते, त्या तासाचे पैसे कापतात. मी म्हटलं, पानं मी तुला घरी देते, तू दुपारी वाचलेलीच असतात. म्हणाली, "वाचते ते वेगळं." काय वेगळं ते सांगितलं नाही. मीही ताणलं नाही. खोलीचा विषय निघेल म्हणून भीती वाटते.

शनिवार, ९ ऑगस्ट. श्रावण पौर्णिमा

खीरदान. दूध सहा लिटर घरचं. आत त्रेपन्न, गावठाणातले एकवीस. गावठाणातल्यांनी खीर खाल्ली. नंदाबाईंनी दोनदा घेतली आणि भांडं विसळून ठेवलं. हे लिहून ठेवते, कारण सासूबाई असत्या तर त्यांना खरं वाटलं नसतं.

पवनचा फोन आला होता. चैताली बाहेर ओट्यावर जाऊन बोलली. पूर्वी टेकडीवर जायची तेव्हा काय बोलते ते ऐकूच येत नसे. आता घरात रेंज आहे आणि ती ओट्यावर जाते.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

ग्रामसभा झाली. ठराव क्रमांक सात: विहारावरची ताटली काढून गावठाणात पंचायत कचेरीवर बसवावी, कारण सर्व ग्रामस्थांना विहारात येणे सोयीचे नाही. सूचक म्हणून आबांची सही. दोन ओळी खाते, लगेच ओळखली.

गावठाण आमच्या घरापासून सव्वा किलोमीटर. पावलं मोजली नाहीत.

संध्याकाळी आबा नेहमीसारखे वाचनाला आले. संपल्यावर पायरीवर गाठलं. म्हटलं, "आबा, सोयीचं नाही म्हणजे काय?"

"आगं ठराव पोरांनी लिव्हला. मी सही केली."

"रोज तर येता. बसता."

"बसतो म्हंजे... उभाच आस्तो जास्त."

"उभ्या माणसाची मी सही घेत नाही आबा. वहीत तुमच्या एकवीस सह्या आहेत."

ते चपला शोधत राहिले. पायातच होत्या. मग म्हणाले, "गावात काय म्हन्तेत ठावं हाय का तुला? पाटलाचं घर रोज संध्याकाळी तिकडं बसतंय. मला न्हाई गं काय त्याचं. पन म्हन्तेत." आणि गेले. पाच पावलं जाऊन परत फिरून विचारलं, "उद्या किती वाजता?"

"सातला. रोजच्यासारखं."

मंगळवार, २६ ऑगस्ट

सत्यम आला. कचेरीचा ठराव संस्थेला पोचला आहे. म्हणाला, "काकी, साहेबांना एकच बघायचंय. विहारात सगळं गाव येतं का, की एकाच समाजाचे वापरतात? मशीनमध्ये किती वापर झाला ते कळतं, कोण आलं ते कळत नाही. तुमच्याकडे इंटरनेट वापरणाऱ्यांची काही नोंद आहे का?"

मी म्हटलं, नाही. माझ्याकडे फक्त श्रोत्यांची आहे.

तो हसला. कशाला ते कळलं नाही. म्हणाला, जे असेल ते दहा सप्टेंबरच्या आत पाठवा, नाहीतर ताटली हलवतील.

चैताली ऐकत होती. नंतर तिने पवनला फोन लावला, ओट्यावर जाऊन. रात्रीची भाकरी मी जरा जास्त भाजली. सीताराम यांनी करपलेली बाजू काढून ठेवली आणि म्हणाले, "ऱ्हाईल ती."

"कशावरून?"

"सकाळी खुडूक बशिवली तिनं. अकरा अंडी. येकवीस दिस लागत्यात."

"एकवीस दिवसांनी कोंबडी उठते," मी म्हटलं.

शनिवार, ३० ऑगस्ट

चैताली सकाळच्या एसटीने बेगडेवाडीला गेली, खोली बघायला. उद्या येते म्हणाली. मी डबा दिला. पवनसाठी तांदूळ दोन किलो. तिला म्हटलं, खोलीला खिडकी कुठल्या बाजूला आहे ते बघ. दुसरं काही म्हटलं नाही.

सात वाजता विहार उघडला. आत धोंडाबाई. बाहेर वळचणीला तीसेक जण, सगळ्यांची तोंडं फोनमध्ये. आबाही होते, छत्रीत. मी सव्वासातपर्यंत थांबले. म्हटलं, या. कोणी आलं नाही. गेणू म्हणाला, "आज कालचाच चालतोय मावशी."

"कालचा काय?"

"शबूद."

धोंडाबाईंनी डोळे उघडले. त्या झोपलेल्या असतात असं मी धरून चालले होते. म्हणाल्या, "सविता, तू लय शिकलीस आन् तुला हे कळंना व्हय? तुझी सून त्या डब्याचं कुलूप रोज बदलती. किल्लीचा शबूद तुझ्या वाचनात दडिवती. म्हनून येत्यात ही. आज ती न्हाई, कुलूप जुनंच हाय, मंग आत कशाला येत्याल?"

"मग तुम्ही कशाला येता?"

"माझ्याकडं फोन कुटंय? मला घरी झोप लागत न्हाई."

मी एक तास पूर्ण वाचलं. हजेरी एक.

रविवार, ३१ ऑगस्ट

काल लिहिल्यावर झोप आली नाही, ते लिहायचं कारण नाही.

आज नंदाबाईंना विहिरीवर विचारलं, त्या दिवशी रडला होतात ते कशाने? म्हणाल्या, "आमच्या लेकीला, सृष्टीला, मुलगा झाला ना पुण्यात. पहिल्यांदा बघितला त्यात. तुमच्या विहारातच बघितला पहिल्यांदा." आणि फोन काढून दाखवला. गोरा आहे. मी म्हटलं, छान आहे.

चैताली दुपारी आली. खिडकी पूर्वेला आहे म्हणाली. डिपॉझिट पंधरा तारखेला द्यायचं. मग हातपाय धुऊन विचारलं, "आई, आज कुठून कुठपर्यंत?"

मी तिच्याकडे बघितलं. सांगणार होते. मग पानं दाखवली, चौऱ्याहत्तर ते एक्याऐंशी. तिने बोट ठेवून वाचली आणि एके ठिकाणी थांबली, राजगृह या शब्दाशी. एकोणऐंशीवं पान.

संध्याकाळी आत अडतीस. मी चौऱ्याहत्तर ते अठ्ठ्याहत्तर फार सावकाश वाचलं. आबा घड्याळ बघत होते. वाट बघू द्या थोडी.

मंगळवार, २ सप्टेंबर

वहीचा प्रश्न आहे. प्रत्येक पानावर माझ्या अक्षरात वर 'श्रोते' असं लिहिलं आहे. ही वही अशीच पाठवली तर संस्थेला त्याचा उपयोग नाही, ते म्हणतील धार्मिक कार्यक्रमाची हजेरी आहे. तालुक्याला मात्र हीच पाठवली तर या वर्षी पहिला क्रमांक आमचा. शाल मिळते.

'श्रोते' खोडून 'इंटरनेट वापरणारे' लिहिलं तर ताटली बहुतेक राहील. पण मग तालुक्याला सांगावं लागेल की सविता सीताराम ओव्हाळ हिने पन्नास दिवस जे वाचलं ते कोणी ऐकलेलं नाही.

दोन्ही ठिकाणी वेगवेगळं पाठवता आलं असतं. पण चौथं शील, खोटं बोलणार नाही, हे रोज सगळ्यांकडून मीच म्हणवून घेते. आणि आबांच्या सूनबाईंना मी दोन ठिकाणी दोन वजनं सांगणारा दुकानदार दाखवून दिला होता, तेव्हा मीच त्याला काय काय बोलले होते ते आठवतं आहे.

गुरुवार, ४ सप्टेंबर

दुपारी वही घेऊन बसले. 'श्रोते' खोडून 'वापरणारे' लिहिलं, सोळा जुलैपासूनच्या पन्नास पानांवर; आजच्या पानावर सरळ तेच. सीताराम म्हणाले, "लाल पेन कशाला?"

"हिशेबातली चूक लालने दुरुस्त करतात."

"कुनाची चूक?"

चैताली समोर तांदूळ निवडत होती, म्हणून मी पुढचं पान काढलं. खुडूक टोपलीत बसून आहे. अजून बारा दिवस, म्हणजे सोळा तारीख. डिपॉझिट पंधराला.

संध्याकाळच्या सह्या घेऊन बेरीज केली तेव्हा एका ठिकाणी आकडा जमेना. तीनदा केली. मग लक्षात आलं काय ते. पत्रात लिहिलं आहे.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

टाकव्याच्या पोस्टातून रजिस्टर केलं. सोबत वहीची झेरॉक्स. मेलने फुकट गेलं असतं, असं पोस्टमास्तर स्वतःच म्हणाले. पोचपावती मेलला मिळते का विचारलं, तर त्यांनी शिक्का उचलला. नक्कल इथे उतरवून ठेवते.

मा. व्यवस्थापक यांस,
सविनय जयभीम.

आपण मागितलेली नोंद सोबत आहे. करंजवाडीच्या विहारातली, १६ जुलै ते ४ सप्टेंबर, दिवस एक्कावन्न. एकूण सह्या व अंगठे १,६८६. यात गावठाणातले लोकही आहेत, त्यांच्या नावांपुढे खूण केली आहे. उपसरपंच श्री. मारुती आबा यांच्या सह्या अडतीस, सौ. नंदाबाई यांच्या एकोणतीस. विहारात येणे सोयीचे नाही असा ठराव झाला आहे, त्यावर मी काही लिहीत नाही. सह्या बघाव्यात.

ही वही मी वाचन ऐकणाऱ्यांची म्हणून ठेवली होती. ती माझी समजूत चुकीची निघाली. लोक इंटरनेटसाठी येत होते, म्हणून मथळा लाल शाईने दुरुस्त केला आहे. तालुक्याच्या धम्म कार्यालयालाही तसंच कळवलं आहे.

एकूण आकड्यातून दोन नावं वजा करावीत. पहिलं, धोंडाबाई, अंगठे एक्कावन्न. त्यांच्याकडे फोन नाही. दुसरं, माझी सून चैताली ओव्हाळ, सह्या पन्नास. एक दिवस ती बेगडेवाडीला होती. इंटरनेटचा परवलीचा शब्द रोज तीच ठरवते, त्यामुळे तो तिला दुपारपासूनच माहीत असतो. आमच्या घरी रेंज येते. शब्दासाठी तिला विहारात येण्याची गरज नव्हती. उलट त्या तासाचा तिचा पगार कापला जातो. तरी पन्नास सह्या आहेत. त्या इंटरनेट वापराच्या नाहीत एवढं मी खात्रीने लिहून देते. कशाच्या आहेत, त्याचा रकाना माझ्या वहीत आता राहिलेला नाही.

तेव्हा वापरणारे १,५८५.

बेगडेवाडीच्या एका खोलीचं डिपॉझिट पंधरा तारखेला द्यायचं आहे. ताटली राहते की जाते, ते त्याआधी कळलं तर बरं होईल. तिकीट लावून, पत्ता लिहून पाकीट सोबत घातलं आहे, आपल्याला फक्त आत कागद घालायचा आहे. कृपया उलट टपालीच कळवावे. मेल करू नये. इथली मेल चैताली उघडते, आणि मी आपल्याला पत्र लिहिलं हे तिला माहीत नाही.

आपली,
सविता सीताराम ओव्हाळ